पेरू ताटात आला पाहिजे

 

आज आपण पेरूची कोशिंबीर करणार आहोत. गॅस लागतो तो फोडणीपुरता, सामान सगळं घरातलं. पंधरा मिनिटांचं काम. आता तुम्ही म्हणाल, कोशिंबीर सांगायला रेडिओवर कशाला यायला पाहिजे? आम्ही काय कधी केली नाही? केली असेल. पण कुणासाठी केली, आणि तुमच्या ताटात त्यातली किती आली, ते मला विचारायचंय.

सध्या मृग बहाराचा पेरू निघतोय. बांधावर, परड्यात, बागेत, सगळीकडं झाडं लगडलीत. या पेरूचं पुढं काय होतं ते बघा. मोठा, बिनडागी पेरू क्रेटमध्ये भरून बाजारात जातो. मधला पोरांच्या खिशात. पोपटानं टोचलेला, खाली पडून फुटलेला शेळीपुढं. घरातल्या बाईच्या वाट्याला काय? एका गटाच्या बैठकीत मी विचारलं, "या आठवड्यात फळ कुणी कुणी खाल्लं?" अठरा जणी होत्या, चार हात वर आले. त्यातल्या दोघींना उपवास होता. आणि त्या अठरा जणींपैकी निम्म्या जणींच्या दारात पेरूचं झाड आहे!

कुणी मुद्दाम आपल्याला उपाशी ठेवतं असं नाही. फळ हे पाहुण्यांचं, आजाऱ्याचं, पोरांचं आणि उपवासाचं, असं आपल्या डोक्यात बसलंय. जेवणात त्याला जागा नाही. आणि जे जेवणात नाही, ते आपण आपल्यासाठी वेगळं काढून कधी खात नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे, की फळ जेवणाच्या ताटात आणा. ताटात आलं की ते सगळ्यांना वाढलं जातं, आपल्यालासुद्धा.

यात आपल्या रक्ताचाही प्रश्न आहे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या बायांपैकी ५४ टक्के बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे गटात वीस जणी बसल्या, तर त्यातल्या दहा-अकरा जणी. जिना चढताना दम लागणं, उठल्यावर डोळ्यापुढं अंधारी, सारखा थकवा, याला आपण "वय झालं" म्हणतो. पुष्कळदा ते वय नसतं, रक्त कमी असतं.

बाजरीत, मेथीत, मटकीत, हुलग्यात लोह असतं. आपण ते खातोही. पण धान्या-भाज्यांतलं लोह अंगाला सहजासहजी लागत नाही. त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं, तर ते जास्त लागतं. आणि क जीवनसत्त्वाच्या बाबतीत पेरूसारखं स्वस्त फळ नाही. १०० ग्रॅम पेरूत ते साधारण २०० मिलिग्रॅम असतं, संत्र्याच्या चौपट. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. एक, हे जीवनसत्त्व उष्णतेनं कमी होतं, म्हणून पेरू शिजवायचा नाही. दुसरी, जेवणावर लगेच चहा घेतला तर लोह लागायला अडथळा येतो. चहा तास-दीड तासानं घ्या. चहा सोडा असं मी म्हणत नाही, तेवढी माझी हिंमत नाही!

आता कृती सांगते. पाच माणसांच्या घराला मध्यम आकाराचे चार पेरू घ्या. पिवळसर पडायला लागलेले, वास सुटलेले, पण दाबल्यावर घट्ट लागणारे. फार पिकलेला घेतला तर लगदा होतो, कच्चा घेतला तर तुरट लागतो. स्वच्छ पाण्यानं चोळून धुवा. साल काढू नका. चार फोडी करून मधला बियांचा भाग चमच्यानं काढा. तो टाकायचा नाही. चाळणीवर घासला की गर खाली पडतो, बिया वर राहतात. हा गर कोशिंबिरीत परत घातला की ती मिळून येते, कोरडी लागत नाही.

फोडी बारीक चिरा, हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या. त्यात तो गर, तीन चमचे दाण्याचं कूट, मूठभर कोथिंबीर आणि अर्धं लिंबू पिळा. पेरू फार गोड नसेल तर चमचाभर गूळ किसून घाला. आता फोडणी. छोट्या कढल्यात दोन चमचे तेल तापवा. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, चिमूटभर हळद आणि दोन हिरव्या मिरच्यांचे तुकडे. गॅस बंद करा आणि फोडणी गार होऊ द्या. कडकडीत फोडणी पेरूवर ओतायची नाही, कारण मघाशी सांगितलं तेच. मीठ अगदी ताटं घेताना घाला. आधी घातलं की पाणी सुटतं.

दह्यातली कोशिंबीरही छान लागते. पण रक्तवाढीसाठी करताय तर लिंबाचीच करा, कारण दह्यातल्या कॅल्शियममुळं लोह थोडं कमी लागतं. दह्यातली इतर दिवशी.

याच कोशिंबिरीची एक लांबची बहीण आहे. तिचं नाव साल्सा. शहरातल्या हॉटेलांत हा शब्द ऐकू येतो. साल्सा मूळ मेक्सिको देशाकडचा. तिकडं टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर बारीक चिरून त्यावर लिंबू पिळतात. त्यातच आंबा नाहीतर अननस घातला की झाला फळांचा साल्सा. खातात कशाशी? मक्याच्या पातळ भाकरीशी! आणि गंमत अशी, की पेरू, मिरची आणि टोमॅटो ही तिन्ही झाडं मूळची अमेरिका खंडातली. गेल्या पाचशे वर्षांत समुद्रावरून आपल्याकडं आली आणि इथलीच झाली. तेव्हा हा प्रकार परका समजू नका. दोन पेरू, एक घट्ट टोमॅटो, एक छोटा कांदा, एक मिरची, कोथिंबीर, लिंबू, मीठ. कूट नाही, फोडणी नाही. दहा मिनिटं मुरू द्या आणि बाजरीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा. शेतावर डबा न्यायचा असेल तर चिरलेलं सगळं एका डब्यात, लिंबू आणि मीठ वेगळं. तिथं गेल्यावर कालवा.

लहान पोरांसाठी मिरची घालायच्या आधीच वाटीभर बाजूला काढा आणि फोडी आणखी बारीक करा. दात नसलेल्या आजी-आजोबांना पेरू किसून द्या, बियांचा भाग काढून. एकदा चिरलेलं फळ दुपारचं रात्रीपर्यंत ठेवू नका. लागेल तेवढंच चिरा.

पेरूचा हंगाम संपला की थांबू नका. हिवाळ्यात आवळा किसून, उन्हाळ्यात कैरी किसून, अधेमधे डाळिंबाचे दाणे, संत्र्याच्या सोललेल्या फोडी. कृती तीच, गुळाचा अंदाज तेवढा बदलायचा.

आता दोन शंका. "थंडीत पेरू खाल्ला की खोकला होतो" असं प्रत्येक गावात कुणीतरी सांगतंच. मैत्रिणींनो, सर्दी-खोकला एकाचा दुसऱ्याला लागतो तो जंतूंमुळं. पेरू आणि सर्दी दोन्ही थंडीतच येतात, म्हणून बिचाऱ्या पेरूवर आळ येतो. दुसरी शंका, "चांगला पेरू विकला तर चार पैसे येतात." बरोबर आहे, विका. पण घरात पाच माणसं असतील तर क्रेट भरायच्या आधी चार पेरू बाजूला काढा. डागी असला तरी चालेल, डाग कापून टाका. पक्ष्यानं किंवा वटवाघळानं खाल्लेला मात्र घेऊ नका.

आणि एक नीट ऐका. कोशिंबीर म्हणजे औषध नाही. दम लागत असेल, पाळीत जास्त जात असेल, तर उपकेंद्रात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाईचं ते १२ च्या वर हवं, गरोदरपणात ११ च्या वर. कमी निघालं तर दिलेल्या लोहाच्या गोळ्या पूर्ण घ्या. काळी शी झाली म्हणून घाबरून सोडू नका, ते गोळ्यांमुळंच होतं. गोळी चहाबरोबर नको, पाण्याबरोबर घ्या, लिंबू पिळलं तर आणखी चांगलं.

गटांना माझी एक विनंती आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं दारातलं एक फळ आणावं. हप्ते गोळा होईपर्यंत दोघी-तिघींनी चिरायला बसावं आणि वही बंद केली की तिथंच सगळ्या मिळून खावं. ज्यांच्या दारात झाड नाही त्यांनी मीठ-मिरची आणावी. आणि घरी कोशिंबीर कराल तेव्हा सगळ्यांची ताटं वाढताना आपलंही ताट मांडा आणि त्यात कोशिंबीर वाढून घ्या. भांड्यात खाली काय उरतंय याची वाट बघू नका. सासूबाई घरात असतील तर त्यांचंही ताट तेव्हाच वाढा, त्यांनीही आयुष्यभर उरलेलंच खाल्लंय.

कशी झाली ते पुढच्या बैठकीत सांगा. येते मी. नमस्कार.