न दिसणारे दुखणे

उत्तर दिल्लीतील टेकडीवर ‘हिंदूराव’ या नावाचे एक मोठे रुग्णालय आहे. नाव ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारावेत, आणि ते योग्यच आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांचे बंधू, कागलच्या घाटगे घराण्यातील हिंदूराव, यांच्यावरून हे नाव पडले. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याने येथे बंगला बांधला होता. १८३५ मध्ये त्याचा खून झाला व पुढे ती वास्तू हिंदूरावांकडे आली. १८५७ च्या वेढ्यात इंग्रज फौजेचे आघाडीचे ठाणे याच वाड्यात होते. वाड्याचे नाव पुढे रुग्णालयाला मिळाले आणि आज ते दिल्ली महानगरपालिकेच्या कारभारात आहे.

युद्धाच्या दिवसांत या टेकडीवर ज्यांना उचलून आणीत, त्यांच्या जखमा कोणालाही दिसत. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या कित्येकांच्या अंगावर पट्टी नसते, हातात काठी नसते. मधुमेह, अपस्मार, हृदयविकार, रक्ताचे विकार ही सारी दुखणी कातडीच्या आत राहतात. रुग्णालयाच्या दारात केसपेपर त्यांची साक्ष देतो. दाराबाहेर मात्र ती साक्ष संपते, आणि धडधाकट दिसणाऱ्या माणसाला आपले आजारपण शब्दांनी सिद्ध करावे लागते. गंमत अशी की, ही परीक्षा अनेकदा आनंदाच्या ठिकाणीच अधिक कडक होते. मुलांना घेऊन जावयाचे मनोरंजन उद्यान हे त्यातले एक.

दिल्लीकरांना अशा उद्यानाची चटक लावली ती ‘अप्पूघर’ने. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीचे नाव घेऊन हे उद्यान १९८४ मध्ये प्रगती मैदानावर सुरू झाले आणि २००८ मध्ये बंद पडले. आता रोहिणीत, नोएडात तशी उद्याने आहेत. महाराष्ट्रात खोपोलीजवळही आहे. या सर्वांचा एक अलिखित नियम असा की, दोन मिनिटांच्या खेळासाठी तासभर रांगेत उभे राहावे. निरोगी मुलाला ही रांग कंटाळवाणी असते. काही मुलांना ती धोक्याची असते.

थॅलेसेमिया हा विकार घेऊ. १९४७ च्या फाळणीनंतर जी पंजाबी व सिंधी कुटुंबे दिल्लीत, तशीच उल्हासनगरात, येऊन वसली, त्यांच्यात हा आनुवंशिक रक्तदोष विशेष आढळतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी बाहेरचे रक्त द्यावे लागते. रक्त दिल्यानंतर मूल हसते, धावते. पुढची तारीख जवळ आली की हिमोग्लोबिन उतरते, धाप लागते, पाय ओढू लागतात. चेहऱ्यावर मात्र किंचित फिकटपणापलीकडे काही दिसत नाही. गडचिरोली, नंदुरबारकडील आदिवासी मुलांत आढळणाऱ्या सिकलसेलचीही अशीच गोष्ट. ऊन, तहान, दमणूक, गार पाण्यात अकस्मात बुडी, यांपैकी कशानेही हाडांतून असह्य कळा सुरू होऊ शकतात. मधुमेही मुलाला इन्सुलिन घेऊन वेळेवर खावे लागते. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेण्यास जेथे मनाई असते, तेथे त्याच्या पिशवीतील डबादेखील वादाचा विषय होतो.

आता असे एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. मुलगी दहा वर्षांची. रक्त देण्याची तारीख दोन दिवसांवर. शाळेच्या सुटीत सहल ठरलेली. रांगेत उभे राहून तिचा श्वास लागतो, म्हणून आई पुढे जाऊन दारावरच्या नोकराला विनवते. तो मुलीकडे पाहतो. तिचे पाय चालते आहेत, डोळे टवटवीत आहेत. तो म्हणतो, “हिला तर काहीच झालेले नाही.” मागून कोणी कुजबुजतो की, पुढे घुसण्याची ही नवी युक्ती दिसते. मग आईला त्या अनोळखी घोळक्यात रोगाचे नाव मोठ्याने सांगावे लागते. मुलगी ते ऐकत असते. घरी ज्या दुखण्याविषयी जपून बोलले जाते, त्याचा येथे एका पाळण्यासाठी जाहीर पुकारा होतो. अशा प्रसंगानंतर पुष्कळ मुले ‘मला नाही जायचे’ म्हणतात. इतरांना तो हट्ट वाटतो. त्यामागे लाज असते.

दारावरच्या नोकराला मात्र दुष्ट ठरविता येणार नाही. खोटे बोलून सवलत उपटणारे लोक जगात आहेत. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत पूर्वी अपंग पाहुण्यांना साहाय्य-कार्ड मिळे. धनिक कुटुंबे पैसे देऊन अपंग वाटाड्या बरोबर घेतात आणि त्याच्या आडून रांग चुकवितात, अशी बातमी २०१३ मध्ये आली. त्याच वर्षी त्या कंपनीने पद्धत बदलली. ज्याला उभे राहवत नाही, त्याने रांगेत जितका वेळ लागला असता तितका वेळ अन्यत्र बसावे आणि नेमून दिलेल्या वेळी परत यावे, असा नियम झाला. २०२४ मध्ये त्याच कंपनीने ही सोय मुख्यतः स्वमग्नता व तत्सम वाढीच्या विकारांपुरती आवळली, तेव्हा इतर दुखण्यांची माणसे नाराज झाली. तो वाद बाजूला ठेवला, तरी मूळ कल्पना फार न्याय्य आहे. तिच्यात कोणी कोणाच्या पुढे जात नाही. पाळी तीच राहते. उभे राहणे तेवढे टळते.

ही कल्पना आपल्याकडे अगदी परकी नाही. पंढरपुरात पदस्पर्शाच्या दर्शनबारीत तासन् तास उभे राहणे ज्याला झेपत नाही, तो मुखदर्शन घेऊन समाधान मानतो, आणि त्याची भक्ती कमी आहे असे कोणी म्हणत नाही. मुंबईच्या लोकलमधील अपंगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना व गर्भवती स्त्रियांनाही प्रवासाची मुभा आहे. कर्करोग प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेला नसतो, हे रेल्वेने नियमात मान्य केले. डब्यातील सहप्रवाशांच्या नजरेने ते अद्याप पुरते मान्य केलेले नाही.

कायदाही या बाबतीत पुढे गेला आहे. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि प्रकार एकवीस झाले. त्यांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, मल्टिपल स्क्लेरोसिस, स्वमग्नता, मानसिक आजार यांचा समावेश आहे. याच कायद्याच्या २९ व्या कलमाने इतरांच्या बरोबरीने करमणुकीत भाग घेण्याचा हक्क मानला आहे. ‘वाजवी सोय’ ही संकल्पनाही त्यात आहे: दुसऱ्यावर अवाजवी बोजा न पडता जी तडजोड करता येईल, ती करावी. तरीही यादी कोठेतरी संपतेच. मधुमेह, दमा, हृदयविकार तिच्यात नाहीत. आणि ज्यांचा विकार यादीत आहे, त्यांच्या प्रमाणपत्रावरील टक्का त्या विशिष्ट दिवसाचा थकवा सांगू शकत नाही.

म्हणून कागदाच्या जोडीला थोडी व्यवस्था आणि थोडा विश्वास लागतो. तिकीटखिडकीशी, एका बाजूला, हलक्या आवाजात एकदाच विचारणा व्हावी, आणि मग दिवसभर पुरेल असा एक साधा बिल्ला मिळावा, म्हणजे प्रत्येक खेळाशी रोगाची कथा पुन्हा सांगावी लागणार नाही. इंग्लंडमधील गॅटविक विमानतळाने २०१६ मध्ये अशांसाठी सूर्यफुलाची चित्रे असलेली गळ्यातील फीत काढली. तिच्यावर रोगाचे नाव नसते, या माणसाला थोडा अधिक वेळ लागेल एवढाच बोध तिच्यातून होतो. एक भेद मात्र विसरू नये. कोणत्या खेळात बसावे, हे डॉक्टरांनी ठरवावयाचे. हृदयविकारी मुलाला वेगवान पाळण्यात बसविणे ही दया नव्हे. कसे थांबावे, एवढेच उद्यानाने ठरवावयाचे आहे, आणि त्याला सावलीतील एक बाक, पिण्याचे पाणी व वेळ लिहिलेली एक चिठ्ठी पुरते.

डोळ्यांनी दिसते तेवढेच खरे मानणे ही मनुष्याची जुनी सवय आहे. पांगळ्याला वाट देण्याचा संस्कार समाजाने मोठ्या कष्टाने कमावला. ज्याचे पांगळेपण दिसत नाही, त्याच्या शब्दालाही वाट देणे, ही त्याच संस्काराची पुढची पायरी होय. या विश्वासाचा एखादा लबाड गैरफायदा घेईलही; त्याने रांगेतील कोणाची पाच मिनिटे जातील. अविश्वासाने मात्र एका मुलाचे बालपण उंबरठ्याच्या आतच राहते, आणि ही किंमत कितीतरी अधिक आहे.