मोर्चाच्या आधी कागद वाचा
(विहाराच्या वर्धापनदिनी तरुणांसमोर केलेले भाषण)



आपल्या वस्तीतल्या शिकल्यासवरल्या मुलामुलींनी सरकारी धोरणांचा अभ्यास करणारे मंडळ काढायचे ठरवले आहे. आपल्या भागाला लागू होणारे नियम, अंदाजपत्रक, घरांच्या योजना वाचायच्या, त्यात काय बदल हवा ते लिहून काढायचे आणि सरकारपुढे मांडायचे, असा त्यांचा विचार. याला 'थिंक टँक' म्हणतात, असे मला एका मुलीने सांगितले. मी म्हटलं, बाई, टँक म्हटला की आम्हाला चाळीतली पाण्याची टाकीच दिसते. पण नंतर वाटलं, नाव काही चुकीचे नाही. टाकीत आधी पाणी साठवावे लागते, तेव्हा कुठे खालच्या नळाला येते.

आपल्यातल्या काही वडीलधाऱ्यांनी मात्र विचारले, "कागद काळे करून काय होणार? रस्त्यावर या." त्यांचा मान राखून त्यांना उत्तर द्यायला मी उभा आहे. मी काही प्रोफेसर नाही. दहावी नापास झालो आणि १९८८ साली गिरणीत बदली कामगार म्हणून लागलो. जे काही वाचले ते तिसरी पाळी करून, वाचनालयाच्या बाकावर बसून. पण कागद वेळेवर न वाचल्याची किंमत काय असते, ती मी मोजली आहे.

मित्रहो, १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. माझे वडील त्यातले एक. संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि मालकांना कापडापेक्षा जमीन गोड वाटू लागली. १९९१ साली मुंबईच्या विकास नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम आला. त्याचा अर्थ सरळ होता. मोठ्या गिरणीची जागा विकसित करायची तर साधारण तीन वाटे करायचे. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, आणि एक मालकाला.

२००१ साली हा नियम बदलला. 'मोकळी जमीन' म्हणजे कोणती, एवढाच अर्थ बदलला. बांधकाम पाडून मोकळी होणारी जागा वाटणीतून निघाली, आधीपासून उघडी असलेली तेवढीच राहिली. आता तुम्हीच सांगा, गिरणी म्हणजे काय? साचेखाता, सूतखाता, गोदामे. सगळी जागा छपराखाली. उघडी ती किती? दोन शब्दांच्या अर्थात एवढी जमीन गेली! पर्यावरणवाले कोर्टात गेले. २००५ साली उच्च न्यायालयाचा निकाल लोकांच्या बाजूने लागला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

त्या काळात मी काय करत होतो? मोर्च्यात होतो. घोषणा द्यायला माझा आवाज मोठा, म्हणून मला पुढे ठेवायचे. ओरडून ओरडून घसा बसायचा. पण खरं सांगतो, नियम ५८ मी पहिल्यांदा वाचला तो सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर. म्हणजे पाच वर्षे उशिरा! असा नियम बदलायचा तर १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे लोकांच्या हरकती मागवतात. आमच्या चाळीतून हरकत लिहून कोणी दिल्याचे मला आठवत नाही. मीही दिली नाही. द्यायची असते हेच मला माहीत नव्हते.

पुढे २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली. अर्ज लाखाच्या वर, आणि घरे सात हजारांच्याही आत. वडिलांच्या अर्जाची पावती आमच्या ट्रंकेत अजून आहे. वडील नाहीत.

लढणाऱ्या संघटनांना मी कमी लेखत नाही. त्या लढल्या म्हणून निदान तेवढी घरे तरी मिळाली. आणि नुसता अभ्यास पुरतो असेही नाही. १९९६ साली चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांच्या जमिनींचा एकत्रित आराखडा सरकारला दिला. चांगला अहवाल होता, पण अंमलात आला नाही. अहवालामागे माणसे नव्हती आणि आमच्या मोर्च्याच्या हातात अहवाल नव्हता. हे दोन्ही एकत्र आणायचे काम आता तुमचे.

"पोरांना काय कळतंय?" असे म्हणणाऱ्यांना मी बाबासाहेबांचे वय आठवायला सांगतो. १९१८ साली त्यांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. शेताचा तुकडा लहान हे खरे दुखणे नाही. शेतीत भांडवल कमी आणि तिच्यावर पोसणारी माणसे जास्त, म्हणून उद्योगधंदे वाढवा, असे त्यात मांडले. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराच्या प्रश्नावर साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा त्यांचे वय २७. हातात आकडे घेऊन ते उभे राहिले. पुढे सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर आणला. क्रम लक्षात घ्या. आधी विधेयक, मग मोर्चा. मोर्च्यातल्या माणसाला आपण काय मागतो ते कलमासकट ठाऊक होते. तेव्हा विधेयक पास झाले नाही, पण मागणी मेली नाही. १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला.

आता तुमच्या मंडळाने काय करावे, याबद्दल चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, सुरुवात अंदाजपत्रकापासून करा. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के आहे. त्या प्रमाणात निधी ठेवला का, ठेवला तो खर्च झाला का, आणि झाला तर कशावर, हे दरवर्षी तपासा. एकत्रित आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात २०१३ साली या निधीसाठी कायदे झाले. ते मागवून वाचा. त्यातल्या पळवाटाही शोधा.

दुसरी, माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. प्रश्न मोघम नको. कोणत्या वर्षी, कोणत्या योजनेत, किती रुपये, असे विचारा.

तिसरी, जे लिहाल ते मराठीत लिहा. दोन पानांत लिहा. धुणीभांडी करून आलेल्या आपल्या आईला वाचून दाखवा. तिला कळले तर आमदाराला कळेल. मग तेच आमदाराच्या हातात द्या, त्यावर सभागृहात प्रश्न विचारायला लावा. आणि हरकतींची मुदत कधीही चुकवू नका.

चौथी गोष्ट थोडी कडू आहे. मंडळाचे अध्यक्षपद आम्हा जुन्या माणसांना देऊ नका. आम्ही सत्कार आणि हारतुऱ्यात वेळ घालवू. सल्ला विचारा, खुर्ची देऊ नका. मुलींना नुसते रांगोळीला बसवू नका, हिशेबाची वही त्यांच्या हातात द्या. आणि ज्याच्या योजनेची तपासणी करायची त्याच्याकडून वर्गणी घेऊ नका. मीठ खाल्ले की जीभ जड होते.

मोर्चा सोडा असे मी म्हणत नाही. वेळ आली तर मी आजही पुढे उभा राहीन, आवाज अजून शाबूत आहे. फक्त या वेळी माझ्या खिशात तुम्ही लिहिलेला कागद असू द्या. कोणी विचारलं, "बाबा, काय पाहिजे?" तर मला नियमाचा क्रमांक सांगता आला पाहिजे.