खूण आणि अर्थ

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी कड्यांच्या अरुंद घळीतून वाहते. त्या कड्यांना आग्या मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली दिसतात. एखादी माशी शत्रूला डसली, की नांगीबरोबर एक गंध हवेत पसरतो आणि पोळ्यावरील इतर माश्या त्या शत्रूवर तुटून पडतात. मधमाश्यांच्या या गंधातील एका द्रव्याचा वास पिकलेल्या केळ्यासारखा असतो. माणसाला ज्याने फळाची आठवण व्हावी, तोच वास माशीला युद्धाची हाक वाटतो. द्रव्य एकच, अर्थ मात्र ग्रहण करणाऱ्याच्या ठायी उत्पन्न होतो.

माशीला हा अर्थ निसर्गानेच दिलेला आहे. त्याविषयी शंका घेण्याची तिला मुभा नाही. मनुष्य खुणेचा अर्थ स्वतः ठरवतो, आपल्या माणसांना शिकवतो आणि परक्यांपासून लपवून ठेवतो. या सामर्थ्याचा एक दारुण दाखला जबलपूरच्याच इतिहासात आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने जबलपुरात राहून ठगांविरुद्ध मोहीम चालवली. माफीच्या साक्षीदारांकडून त्याने ठगांची 'रामसी' ही गुप्त बोली समजून घेतली, आणि तिचा कोश 1836 मध्ये 'रामसीआना' या नावाने कलकत्त्यास प्रसिद्ध झाला. त्यात शकुनांचे एक संपूर्ण शास्त्रच आढळते. डाव्या बाजूचा शकुन तो 'पिल्हाओ', उजव्या बाजूचा तो 'थिबाओ'. प्रस्थानसमयी आधी डावा आणि मागून उजवा मिळाला, म्हणजे देवीची संमती मिळाली असे समजत. गाढवाच्या ओरडण्याला तर शंभर पाखरांच्या शकुनांची योग्यता होती. ते बिचारे जनावर आपल्या भुकेने ओरडत असेल. पण हत्येला निघालेल्या माणसाने त्या आवाजात स्वतःच्या इच्छेला दैवी आज्ञेचे रूप दिले.

गळा आवळण्याच्या इशाऱ्याला 'झिरनी' म्हणत. तंबाखूचा उल्लेख असलेले एखादे साधे वाक्य त्यासाठी पुरे होई. वाटसरूला त्या शब्दांत सोबत्याचे अगत्य ऐकू येई. मागे उभ्या असलेल्या ठगाला रुमाल आवळण्याची आज्ञा ऐकू येई. एकाच वाक्याच्या दोन अर्थांमधील अंतर म्हणजे एक मनुष्याचा जीव होता.

परंतु खुणा वाचणारे केवळ ठगच नव्हते. सरकारही त्या वाचत होते. 1836 च्या तिसाव्या कायद्याने, ठगांच्या टोळीत कधीकाळी सामील असल्याचे सिद्ध होताच आजन्म सक्तमजुरी ठरवली गेली. प्रत्यक्ष खुनाचा आरोप शाबीत होण्याची गरज उरली नाही. पुराव्याचा मोठा भार माफीच्या साक्षीदारांवर होता, आणि त्यांना स्वतःचा जीव वाचवायचा होता. ठगीचे जे चित्र या साक्षींतून उभे राहिले, त्यात सत्य किती आणि राज्यकर्त्यांची कल्पना किती, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. गुप्त शब्द ठाऊक असणे आणि खून करणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

याच स्लीमनला 1828 मध्ये जबलपूरच्या छावणीजवळ काही अश्मीभूत हाडे सापडली होती. ती कोणाची, हे सांगणारे ज्ञान त्या काळी नव्हते; 'डायनोसॉर' हा शब्ददेखील 1842 मध्ये जन्मास आला. पुढे 1877 मध्ये रिचर्ड लायडेकर याने त्या मणक्यांवरून 'टायटॅनोसॉरस इंडिकस' हे नाव दिले. सुमारे अर्धशतक ती खूण अर्थावाचून पडून राहिली आणि तिचे काही बिघडले नाही.

दगडाच्या बाबतीत असा धीर सहज धरता येतो. माणसाच्या बाबतीत तो धरणे कठीण असते, कारण तेथे भीती आणि घाई आड येते. तरीही गंध येताच झेपावणाऱ्या माशीहून मनुष्य निराळा आहे, तो एवढ्याच कारणाने, की समोरच्या खुणेचा अर्थ काही काळ अनिर्णीत ठेवणे त्याला शक्य असते.