मरण मोठं की हाल?



स्नेहमेळाव्यात हा विषय नको, असं दोघीजणींनी फोन करून बजावलं होतं. पण आपण चाळिशी ओलांडलेली मंडळी. गप्पा फिरून आईवडिलांच्या दुखण्यावरच येतात, म्हणून बोलते.

२२ जुलै २०२१ ला आपल्या तळियेत दरड कोसळली. ८० हून अधिक माणसं गेली. काहींचे मृतदेह मिळालेच नाहीत. "गेले ते सुटले," असं तेव्हा एकजण म्हणाले आणि मला राग आला. कशातून सुटले? त्यात लहान मुलं होती. त्यांची दहावी, पहिला पगार, लग्न, सगळंच मातीखाली गेलं. वेदना क्षणभरच झाल्या असतील, तरी हानी लहान होत नाही. त्या दिवशी मला विचारलं असतं, तर मरणच मोठं म्हटलं असतं.

पुढच्या वर्षी बाबांना पक्षाघात झाला. आठ महिने अंथरुणावर, शेवटचे पंधरा दिवस एका रुग्णालयात व्हेंटिलेटरवर. नळी ओढू नये म्हणून हात बांधलेले. सही माझी होती. मी सॉफ्टवेअरवाली, आकड्यांवर विश्वास. ऑक्सिजन ९६, म्हणजे बाबा ठीक! डोळ्यांतून पाणी यायचं, त्याचा आकडा मॉनिटरवर नव्हता. तिथे राखण्यासारखं काही उरलं नव्हतं, फक्त हाल लांबत होते.

केईएमच्या अरुणा शानबाग ४१ वर्षांहून अधिक काळ तशाच होत्या. त्यांचं अन्न थांबवावं ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली. त्यांना सांभाळणाऱ्या परिचारिकांचाच तिला विरोध होता. त्यांचं मला पटतं, आणि मागणी करणारीचंही. पुढे २०१८ च्या निकालाने, शुद्धीत असतानाच 'असे उपचार नकोत' असं लिहून ठेवायची सोय झाली. दोन साक्षीदार लागतात. २०२३ पासून नोटरीकडेही चालतं.

बाबा धडधाकट होते तेव्हा मी त्यांना कधी विचारलंच नाही. आता मी आणि नवऱ्याने आपापले कागद केलेत. गेल्या जूनमध्ये महाडला आले तेव्हा आईपुढे कोरा नमुना ठेवला. तिने चष्मा पुसून सगळा वाचला, घडी घालून डब्यात ठेवला आणि म्हणाली, "आधी लावणी होऊ दे गो, मग बघू."

लावणी झाली, कापणीही झाली. कागद अजून डब्यातच आहे.