पोटातलं बाळ पायाळू असेल तर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आज बोलायचं आहे ते नवव्या महिन्यातल्या एका काळजीबद्दल. सोनोग्राफी होते. डॉक्टर म्हणतात, "बाळ उलटं आहे. बघू, फिरेल. पुढच्या आठवड्यात या." एवढं सांगून पुढच्या बाईला आत बोलावतात. इकडे ही बाई एसटीत बसते आणि गाव येईपर्यंत तो "बघू" तिच्या डोक्यात फिरत राहतो. फिरलं नाही तर? सीझर करावं लागेल का? पैसे किती लागतील? बाळ नीट आहे ना? घरी आल्यावर चारजणी चार गोष्टी सांगतात आणि काळजी आणखी वाढते. म्हणून आज आपण हे नीट समजून घेऊ.

पोटात बाळाचं डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली असले, की आपण त्याला पायाळू म्हणतो. डॉक्टरांच्या कागदावर तिथं "ब्रीच" असं लिहिलेलं असतं. डोकं खाली असेल तर "सेफॅलिक" किंवा "व्हर्टेक्स" लिहितात. हे तीन शब्द लक्षात ठेवा, म्हणजे आपला कागद आपल्याला कळेल.

सातव्या महिन्यात बाळ उलटं असणं काही विशेष नाही. २८ आठवड्यांना दर चार-पाच बाळांतलं एक तसंच असतं. पोटात तेव्हा जागा असते, बाळ कोलांट्या मारत असतं. दिवस भरत येतात तशी बहुतेक बाळं आपोआप डोकं खाली घेतात. पूर्ण दिवसांना १०० मध्ये तीन ते चारच बाळं पायाळू राहतात. म्हणून सातव्या महिन्यात कोणी "उलटं आहे" म्हटलं तर झोप उडवून घेऊ नका. पण ३६ आठवडे झाले आणि तरीही तसंच असेल, तर मात्र "बघू" वर थांबायचं नाही. तेव्हा विचारायचं आणि ठरवायचं.

आता असं का होतं? कधी बाळाभोवतीचं पाणी जास्त किंवा कमी असतं. कधी जुळं असतं. कधी वार खाली असते, गर्भपिशवीचा आकार वेगळा असतो किंवा तिच्यात गाठ असते. आणि पुष्कळ वेळा काहीच कारण सापडत नाही. पण एक नक्की सांगते, तुम्ही ग्रहणात भाजी चिरली, जड हंडा उचलला किंवा कुशीवर चुकीच्या बाजूला झोपलात, म्हणून बाळ उलटं होत नाही. हे सासूबाईंनीही ऐकावं आणि नवऱ्यानंही. त्या बाईची यात काही चूक नाही.

पायाळू माणसाबद्दल आपल्याकडे किती गोष्टी आहेत! उसण भरली की पायाळूचा पाय पाठीला लावून घ्यायचा, पायाळूवर वीज पडते, पायाळूला जमिनीतलं धन दिसतं. यातलं काहीच खरं नाही. पायाळू जन्मलेलं मूल इतर मुलांसारखंच असतं. ते ना शुभ, ना अशुभ. प्रश्न फक्त ते बाहेर कसं येतं, एवढाच आहे.

तो प्रश्न मात्र खरा आहे. बाळाच्या अंगात सगळ्यात मोठं असतं डोकं. डोकं आधी आलं की मागचं अंग सहज येतं. पायाळूमध्ये अंग आधी बाहेर येतं आणि डोकं शेवटी. तिथं वेळ लागला तर बाळाला प्राणवायू कमी पडू शकतो. शिवाय पाय खाली असतील तर पाणी गेल्यावर बाळाच्या आधी नाळ खाली घसरण्याची भीती असते. म्हणून पायाळू बाळाचं बाळंतपण घरी नको, आणि जिथं ऑपरेशनची सोय नाही अशा उपकेंद्रातही नको. "आमच्या वेळी सुईणीनं सोडवलं होतं" असं कोणी म्हणेल. जी बाळं सुखरूप आली त्यांच्या गोष्टी आपण ऐकतो. जी आली नाहीत, त्यांच्याबद्दल घरात कोणी बोलत नाही.

मग काय काय करता येतं? वाटा तीन आहेत.

पहिली वाट म्हणजे बाहेरून बाळ फिरवणं. साधारण ३६-३७ आठवड्यांनंतर तज्ज्ञ डॉक्टर सोनोग्राफी करून, पोटावर हातांनी हळूहळू दाब देऊन बाळाचं डोकं खाली आणायचा प्रयत्न करतात. पिशवी सैल पडावी म्हणून कधी औषधही देतात. आधी आणि नंतर बाळाचे ठोके तपासतात. साधारण निम्म्या बायकांमध्ये हे जमतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जास्त जमतं, पहिलटकरणीला जरा कमी. सगळ्या दवाखान्यांत हे करत नाहीत. रक्तस्राव झाला असेल, वार खाली असेल, जुळं असेल किंवा पाणी गेलं असेल तर करतच नाहीत. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर नंतर इंजेक्शन लागतं, ते आठवण करून विचारा.

इथंच एक धोक्याची गोष्ट सांगते. डॉक्टर पोटावरून फिरवतात, मग आपल्या गावातली चोळणारी बाई का नको, असं वाटेल. पण डॉक्टरांच्या हाताशी सोनोग्राफी असते, ठोके मोजायचं यंत्र असतं आणि शेजारी ऑपरेशनची खोली तयार असते. चोळणाऱ्या बाईला आत वार कुठं आहे हे दिसत नाही. जोरात चोळल्यानं वार सुटू शकते आणि आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. तेल लावून पोट चोळून घेऊ नका.

दुसरी वाट ठरवून केलेलं सीझर. ते साधारण ३९ आठवड्यांच्या सुमाराला करतात. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांहून जास्त बायकांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की ठरवून सीझर केलं तर पायाळू बाळाला जन्माच्या वेळचा धोका कमी होतो. तेव्हापासून जगभर डॉक्टर सीझरच जास्त सुचवतात. पण सीझर म्हणजे पोटावरचं ऑपरेशन. आईला सावरायला जास्त दिवस लागतात आणि पुढच्या बाळंतपणात जास्त काळजी घ्यावी लागते. ते पुढचं बाळंतपणही मोठ्या दवाखान्यातच करायचं.

तिसरी वाट म्हणजे पायाळू बाळाचं खालून बाळंतपण. हे होऊ शकतं, पण त्याचा सराव असलेले डॉक्टर हवेत, बाळ फार मोठं नको, त्याची ठेवण योग्य हवी आणि ऑपरेशनची सोय तिथल्या तिथं हवी. असे डॉक्टर आता थोडे आहेत.

या तिन्हींतली कोणती वाट आपली, हे तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासून सांगायचं आहे. पण विचारायचं तुम्ही. चिठ्ठीवर लिहून न्या, नाहीतर आशाताईंना सोबत न्या. बाळाचे पाय कसे आहेत? वार कुठं आहे? पाणी पुरेसं आहे का? तुम्ही बाहेरून फिरवता का, नाहीतर कुठं करतात? पुन्हा कधी तपासायचं? तारखेच्या आधी कळा आल्या तर नेमकं कुठं जायचं? हे विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथंही हे विचारता येतं. फक्त मुलगा की मुलगी हे विचारू नका. तो गुन्हा आहे, आणि बाळ कसं आहे याच्याशी त्याचा संबंधही नाही.

आता वाट पाहायच्या दिवसांबद्दल. खरं जड जातं ते हेच. बाळ आज फिरेल, उद्या फिरेल, की फिरणारच नाही, हे कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. काही बाळं अगदी शेवटच्या आठवड्यातही फिरतात. म्हणून ऑपरेशनच्या दिवशी आत नेण्याआधी बाळ कसं आहे ते पुन्हा बघायला सांगा. गुडघे टेकून ढुंगण वर करून राहण्याचा व्यायाम काहीजणी सांगतात. त्यानं बाळ नक्की फिरतं असं सिद्ध झालेलं नाही. डॉक्टरांनी हो म्हटलं तर करा, पण नाही फिरलं तर "मीच कमी पडले" असं मनात आणू नका.

बाळाचं फिरणं आपल्या हातात नाही. तयारी आपल्या हातात आहे. आणि तयारी झाली की निम्मी भीती जाते. डोकं खाली आलं तर काय करायचं आणि नाही आलं तर काय करायचं, दोन्ही आधी ठरवून ठेवा.

पहिलं ठरवा, बाळंतपण कुठं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत चांगलीच. पण माहेरापासून सीझरची सोय किती लांब आहे ते बघा. सासर जवळ असेल तर आईनं सासरी यावं, त्यात कमीपणा नाही. माहेरी जाणार असाल तर माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे सगळे कागद बरोबर न्या आणि पोहोचल्या पोहोचल्या तिथल्या आशाताईंना भेटा. ऊसतोडीला गेलेल्या बहिणींनो, तुम्हीही कार्ड कोपीत जपून ठेवा आणि कारखान्याजवळचं मोठं रुग्णालय कोणतं ते मुकादमाला नाही, तिथल्या आशाताईंना किंवा नर्सबाईंना विचारा.

दुसरं पैसे. २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सीझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी मोफत आहे. हा आपला हक्क आहे. तरीही हाताशी थोडे पैसे ठेवा.

तिसरं, धोक्याची वेळ ओळखा. कळा सुरू झाल्या, पाणी गेलं, अंगावरून रक्त गेलं किंवा बाळाची हालचाल कमी झाली, तर तारखेची वाट पाहू नका, लगेच निघा. पाणी गेल्यावर नाळ बाहेर दिसली तर ती आत ढकलू नका आणि चालू नका. ढुंगणाखाली उशी घेऊन डाव्या कुशीवर पडा आणि १०८ ला फोन करायला लावा. फोनवर स्पष्ट सांगा, "बाळ पायाळू आहे."

बाळ सुखरूप आलं की सुद्धा एक गोष्ट राहते. पायाळू बाळांचा मांडीचा खुबा कधी कधी सैल असतो, मुलींमध्ये जास्त. जन्मल्यावर तो तपासायला सांगा आणि साधारण सहा आठवड्यांनी त्याची सोनोग्राफी करायची का ते विचारा. वेळेवर कळलं तर साध्या पट्ट्यानं बरं होतं. उशीर झाला तर मूल लंगडतं. बाळाचे पाय सरळ करून घट्ट बांधू नका. न्हाऊ घालणाऱ्या बाईला पाय ओढू नका म्हणून सांगा. कडेवर घेतलं, पाय फाकलेले राहिले, तर ते चांगलंच.

शेवटी गटातल्या बायकांना. पुढच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं याला द्या. गावात कोणाला आठवा-नववा लागला आहे, कोणाच्या कागदावर ब्रीच लिहिलं आहे, हे विचारा. रात्री गाडी कोणाची मिळेल, तिच्या थोरल्या पोराला कोण सांभाळेल, गरज पडली तर गटातून उसने पैसे किती देता येतील, हे आत्ताच ठरवा. आणि तिला "काही होत नाही गं" असं म्हणून गप्प करू नका. तिला भीती वाटते आहे. तिच्याजवळ बसा, ऐकून घ्या आणि पुढच्या तपासणीला तिच्याबरोबर जा. दवाखान्याच्या बाकावर शेजारी कोणी असलं, की "बघू" हा शब्दसुद्धा जरा हलका होतो.