प्रेक्षक नसलेला उत्सव

1947 च्या फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांजवळ भांडवल थोडे होते. वाळवंट भिजविणाऱ्या सिंधूची स्मृती मात्र होती. 1949 मध्ये या छावणीचे उल्हासनगर झाले. तेथे चेटीचंडला झुलेलालचा बहराणा निघतो. कणकेचा दिवा, खडीसाखर, फळे यांनी तो भाविकच सजवितात. ढोल-शहनाईवर छेज सुरू झाला की पाहणाराही फेरात ओढला जातो. तिकीट नाही, मानधन नाही. (वर्गभेद त्याने मिटत नाही, हे खरेच, दुसऱ्या दिवशी मालक मालकच असतो.)

शेजारी अंबरनाथला 1060 च्या शिवमंदिरापाशी कला महोत्सव भरतो. तेथे नामवंत गातात, जनता ऐकते. तेही हवेच. परंतु आपल्या जयंत्याही व्यासपीठावरच का अडकाव्यात? कार्यकर्त्यांनी यंदा एक तरी कार्यक्रम फेर धरून करून पाहावा.