व्यसनोपचार आणि आनुवंशिकता : एका देणगीच्या निमित्ताने
(वार्षिक सभेत व्यसनमुक्ती विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या विभागापुढे यंदा एका देणगीदारांनी मोठ्या मनाने एक प्रस्ताव ठेवला. दाखल होणाऱ्या प्रत्येक रुग्णाची जनुकीय तपासणी करावी व तिच्या आधारे औषध ठरवावे. खर्च ते सोसतील. या प्रस्तावाला एका शब्दात उत्तर देणे आम्हांस उचित वाटले नाही, म्हणून हे निवेदन.

व्यसनाधीनतेत आनुवंशिकतेचा वाटा आहे, याविषयी आता दुमत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून मद्यासक्तीबाबत माणसामाणसांत जो फरक आढळतो, त्याचा सुमारे निम्मा भाग वारशाचा असतो असे दिसते. मात्र हे एका जनुकाचे काम नव्हे. अनेक जनुकांचे अल्प अल्प परिणाम त्यात एकवटलेले असतात. ठळक अपवाद पूर्व आशियातला. जपान, चीन, कोरिया येथील अनेकांमध्ये मद्याच्या पचनातील एक विकर जन्मतःच दुबळे असते. घोटभर मद्यानेही त्यांचा चेहरा लाल होतो, छाती धडधडते, मळमळते. साहजिकच त्यांच्यात मद्यासक्ती कमी आढळते. आपल्याकडे सुपरिचित असलेली डायसल्फिरामची गोळी हेच विकर रोखते. (ही गोळी रुग्णाच्या नकळत चहातून वा जेवणातून देणे धोक्याचे आहे, हे येथे पुन्हा सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.) भारतात हा जनुकभेद विरळा असल्याने त्याच्या तपासणीतून येथे फारसे हाती लागणार नाही.

खरी आशा होती ती नॅलट्रेक्सोनविषयी. मद्यपानातून मिळणारे सुख हे औषध बोथट करते. मेंदूतील ज्या ग्राहीवर ते कार्य करते, त्याच्या जनुकात विशिष्ट भेद असणाऱ्यांना अधिक गुण येतो, असे २००३ साली अमेरिकेतील संशोधकांना जुन्या चाचण्यांच्या माहितीतून आढळले. तथापि रुग्णांची जनुकानुसार आधीच विभागणी करून केलेल्या चाचणीत, २०१५ साली, तो फरक सिद्ध झाला नाही. एवढ्या आधारावर कोणा रुग्णाला हे औषध नाकारणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

तंबाखूबाबत चित्र अधिक आश्वासक आहे. निकोटिनचा निचरा करणाऱ्या विकराचा वेग बहुतांशी वारशाने ठरतो व तो रक्ततपासणीतून अजमावता येतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिका व कॅनडातील १,२४६ धूम्रपान करणाऱ्यांवरील चाचणीत सामान्य वेगाच्या व्यक्तींना निकोटिनच्या पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लिनचा अधिक लाभ झाला. मंद वेगाच्या व्यक्तींना दोन्ही सारखीच लागू पडली, पण व्हॅरेनिक्लिनचे दुष्परिणाम अधिक जाणवले. परंतु हे सर्व सिगारेट ओढणारे होते. आमच्याकडे येतात ते बहुधा तंबाखू मळणारे, आणि भगिनींमध्ये मिश्री लावणाऱ्या. तोच निष्कर्ष त्यांना जसाच्या तसा लावता येणार नाही.

व्यक्तीनुरूप उपचार मात्र आजही शक्य आहेत. रक्ताच्या नात्यात कोणास व्यसन होते, पूर्वी कोणत्या औषधाने गुण आला, यकृताची स्थिती काय, अफूजन्य औषधे चालू आहेत काय (असल्यास नॅलट्रेक्सोन देता येत नाही) ही विचारपूस आम्ही प्रत्येक केसपेपरवर सविस्तर नोंदवतो. नात्यातील व्यसनाविषयी विचारताच माता हमखास म्हणतात, “बापाचंच रक्त आहे, पोरगाही त्याच वाटेनं जाणार.” वारसा म्हणजे विधिलिखित नव्हे, हे समजावण्यात आमच्या समुपदेशकांचा बराच वेळ जातो, आणि तो जावाच.

हे सर्व आम्ही देणगीदारांपुढे मांडले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले व रकमेचा विनियोग बदलण्यास संमती दिली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. नॅलट्रेक्सोन महिनोन्महिने घ्यावे लागते आणि मोलमजुरी करणाऱ्या रुग्णांचे ते पैशाअभावी मध्येच सुटते. येत्या एप्रिलपासून अशा रुग्णांना ते विनामूल्य मिळेल व उरलेल्या रकमेतून आणखी एका समुपदेशकाचे वेतन भागेल. जनुकीय तपासणीचा विषय विभागाच्या बैठकीत दरवर्षी नव्या पुराव्यासह पुन्हा घेतला जाईल.